समुद्र थंड होईपर्यंत

एल निनोच्या वर्षी, एका सोमवारी, जत भागातल्या एका कचेरीतल्या कारकुनाने धनगरवस्तीचा टँकरचा अर्ज अडवला. बातम्यांसाठी मी तिथे नेहमी जायचो. अर्ज दिसला की हा गृहस्थ आधी चष्मा पुसायचा, मग मोबाइलवर प्रशांत महासागराचा लालभडक नकाशा उघडायचा.

"समुद्र तापला की आपला पाऊस हटतो, मावशी. शास्त्र आहे. तिकडे पेरू देशाच्या किनाऱ्याला मासळीसुद्धा उपाशी मरते."

अर्ज घेऊन आलेली म्हातारी म्हणाली, "आवं सायेब, माशाला पाणी तरी हाय. माझ्या मेंढरांस्नी त्येबी न्हाई."

त्याने शेरा लिहिला : 'समुद्राचे तापमान उतरल्यावर विचार व्हावा.' शिक्का सरळ उमटल्याची खात्रीही केली.

गुरुवारी ती कळप घेऊन कर्नाटकात गेली. तोवर वस्तीवर टँकर आला नव्हता.