लॅब असिस्टंटच्या रकान्यात मुधोळकर सर

मुधोळकर सरांचं शिक्षकपण मी एका एक्सेल शीटमध्ये पुसलं होतं.

आज सकाळी सर गेले. अंबरपेठच्या घरी, चहा झाल्यावर, पेपर हातात असताना.

त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला.

सर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला गणित शिकवायचे. बावीस वर्षं शिकवलं.

सरांचं हैदराबादचं जुनं मराठी घर. वडील वकील, आजोबा मास्तर. मी लग्नानंतर पुण्याहून आलेली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सर म्हणाले, "पुण्याच्या का तुम्ही? मग आमची मराठी ऐकून परेशान व्हाल. हौ म्हटलं की हो समजायचं, बस्स."

मी एमबीएला शिकवते. माझी पीएचडी स्टॅटिस्टिक्सच्या चॅप्टरवर अडली होती. सरांनी लंच अवरमध्ये, एका हातात पोळीचा घास धरून, महिनाभर मला शिकवलं.

माझ्या नावापुढे डॉक्टर लागलं. त्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं. एम.एस्सी., फर्स्ट क्लास. ते नोकरीला लागले तेव्हा तेवढं पुरायचं.

मग नियम कडक झाले. शिकवायचं तर नेट किंवा पीएचडी हवीच. नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. माझी लेक दोन वर्षांनी कॉलेजात जाईल, तिला कोणीही उठून शिकवलेलं मला चालणार नाही.

पण आम्ही तो नियम कसा पाळला, ते सांगते.

मान्यता टिकवायची म्हणून विद्यापीठाची कमिटी येणार होती. स्टाफ लिस्ट माझ्याकडे. प्रिन्सिपल म्हणाले, "मुधोळकरांना टीचिंगमध्ये दाखवलं तर ऑब्जेक्शन येईल. कुठेतरी अ‍ॅडजस्ट करा ना मॅडम. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी केलं.

सर कॉम्प्युटर लॅबमध्ये, लॅब असिस्टंट. त्यांच्या वर्गापुढे एका बाहेरच्या डॉक्टरांचं नाव. ते गृहस्थ त्या एका दिवसापुरते आले. ब्लेझर घालून.

सरांना सांगायलाही मीच गेले. नवं आयकार्ड हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"फोटो बरा आलाय," म्हणाले.

कमिटी लॅबमध्ये शिरली तेव्हा मी सोबत होते. एका मेंबरनी सरांना विचारलं, "आप क्या देखते हैं यहाँ?"

"मशीनां देखतूं साब. चालू-बंद करतूं."

तेवढ्यात दारात फर्स्ट इयरची एक मुलगी आली. वही उघडी, पेन त्यात अडकवलेलं. "सार्, वो इंटिग्रेशन फिर से नहीं आ रहा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलकडे.

"मेरेकु नै आता अम्मा," सर म्हणाले. "मॅथ्स के सार् कु पूछो."

मुलीला वाटलं, सर चेष्टा करतायत. हसत उभी राहिली. सर पाठ फिरवून कीबोर्ड पुसायला लागले. मग ती गेली.

बावीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला न शिकवता परत पाठवलं नव्हतं.

कमिटी खूश. दुपारी सगळ्यांना बिर्याणी. सर माझ्या टेबलापाशी आले. "झालं ना बाई तुमचं काम? मग तोंड का असं?"

एका दिवसाचा प्रश्न होता म्हणे.

लिस्ट ऑनलाइन चढली होती. पुढच्या वर्षी नाव बदललं असतं तर कमिटीनं विचारलं असतं, मग आधीचं खोटं होतं का? म्हणून ती तशीच राहिली. सर वर्गावर परत गेलेच नाहीत. रिटायर होईपर्यंत तीन वर्षं लॅबच्या किल्ल्या सांभाळत बसले.

त्यानंतर घराजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजनं त्यांना गणित शिकवायला बोलावलं. फक्त अनुभवाचा दाखला मागितला. आमच्या कॉलेजच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलं होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

सर माझ्या केबिनमध्ये आले. बसलेही नाहीत.

"बाई, एवढं एक करा. शिकवलं म्हणून दोन ओळी लिहून द्या. डोकं चालतंय हो माझं अजून."

"बघते, सर."

"बघा. घाई नै."

मी काहीच बघितलं नाही. त्या दोन ओळींवर सही करायची तर लिस्ट खोटी होती, हे सहीनिशी कबूल करायला लागलं असतं. मी घाबरले. इतकं साधं आहे ते.

त्यांचे दोन मेसेज आले. "बाई, जमतंय का?" दुसऱ्याला मी हात जोडलेला इमोजी पाठवला. त्या कॉलेजनं दुसरं कुणी घेतलं.

गेल्या नुमाइशमध्ये, नामपल्लीच्या वार्षिक प्रदर्शनात, सर आणि काकू समोरून येताना दिसले. मी पटकन बांगड्यांच्या स्टॉलमागे वळले. त्यांनी पाहिलं नाही, असं समजून चालले होते.

आज मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "पाहिलं होतं त्यांनी तुम्हाला. मी हाक मारणार होते. म्हणाले, नको, बाईंना संकोच वाटेल."

कॉलेजच्या ग्रुपवर दुपारी मेसेज पडला. आमचे माजी लॅब असिस्टंट श्री. मुधोळकर यांचं निधन. खाली सगळ्यांचे जोडलेले हात.

मी तिथे हात जोडले नाहीत. इथे लिहितेय. कॉलेजमधलं कोणी वाचलं तर वाचू दे.

दाखला देण्यात येतो की,
श्री. मुधोळकर यांनी आमच्या कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवलं.
उत्तम शिकवलं. मलाही शिकवलं.
पुढची तीन वर्षं त्यांना शिकवू दिलं नाही.
ती लिस्ट मी तयार केली होती.

सर, फार उशिरा देतेय.
नमस्कार करते. या आता.