खंडेनवमीचा प्रोसेसर

धारला राहायला आलो तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे, देवासचं चांगलं क्वार्टर सोडून इकडं कसे? आई म्हणायची, माझं माहेर आहे ना इथं. बाबा म्हणायचे, पीथमपूरचे कारखाने जवळ पडतात, शिफ्टची बस मिळते. मी खिडकीबाहेर बघायचो. खरं कारण मी होतो. मी आणि काडेपेटीहून लहान असा एक प्रोसेसर.

मला मुळात दमच नाही. चहा निवेपर्यंत थांबवत नाही, जीभ भाजून घेतो. बारावीत असताना तर घरात सगळे वैतागले होते माझ्यापायी. आई म्हणायची, "एका जागी बूड टेकव रे, चक्कर येते तुला बघून."

बाबा देवासला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. लोखंडावरून बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचे. पण दोन हजार सालानंतर सगळं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आलं, आणि साहेबांनी सांगून टाकलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. दिलेला पार्ट कॉम्प्युटरवर काढून दाखवा. जमलं तर टूलरूममध्ये राहाल, नाहीतर हिशेब घ्या आणि घरी बसा.

आमच्याकडे मामाच्या कॉम्प्युटर क्लासमधून निघालेला जुना कॉम्प्युटर होता. त्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की चार रेघांत तो गार पडायचा. बाबा माउस धरून तसेच बसायचे. "विचार करतोय वाटतं," म्हणायचे. मला हसू यायचं आणि चीडही. माझी कारच्या रेसची गेमही त्यावर अशीच अडकायची, म्हणून प्रोसेसर बदला, प्रोसेसर बदला, असा धोशा मीच लावला होता. निमित्त बाबांच्या परीक्षेचं. पोटात गेम.

नवमीला सकाळी मामा धारहून आला, येताना इंदूरहून प्रोसेसर घेऊन. फार भारी नाही, अगदी हलकाही नाही. "दुकानदार म्हणाला, भिया, गेम भी चलेगा, घर का काम भी," मामानं सांगितलं. मी हात पुढं केला, तर आईनं डबी वरच्यावर उचलली.

त्या दिवशी पाटावर बाबांची हत्यारं मांडलेली होती. घासूनपुसून ठेवलेले पाने, माप घ्यायचं व्हर्निअर, घड्याळजीचं असतं तसं भिंग, आणि फीलर गेज, म्हणजे कागदाहून पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. दर खंडेनवमीला हे असंच. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. आईनं प्रोसेसरची डबीही त्यातच ठेवली आणि वर झेंडूचं फूल. बाबा म्हणाले, "उद्या सकाळी बसवू. मग दिवसभर सराव. एक दिवस पुरे मला."

एक दिवस. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

दुपारी जेवून मामा धारच्या बसनं गेला, आईबाबा लवंडले. माझ्या अंगात नुसत्या मुंग्या. फूल बाजूला केलं, डबी उचलली. म्हटलं, बसवून बघतो, दोन फेऱ्या मारतो, परत ठेवतो. कुणाला पत्ता लागणार नाही. कॅबिनेट उघडलं, पंखा काढला, जुना उपटला. नव्याच्या पोटाशी सुयांसारख्या शेकडो पिना. बसायच्या जागेशेजारची दांडी वर केली की तो आपसूक आत उतरतो, हे मामानं सकाळीच सांगितलं होतं. पण ऐकायला मी थांबलो होतो कुठं! बसेना म्हणून अंगठ्यानं दाबला. बारीक कुरकुर झाली. उलटा करून बघितलं तर एका कोपऱ्यातल्या पिना सपशेल आडव्या.

मी बाबांना उठवलं. नुसता तळहात पुढं केला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रोसेसर उजेडात धरला, मग पाटाकडं बघितलं, हात जोडले आणि फीलर गेज उचललं.

"अहो, आज?" आई म्हणाली.

"आजच. उद्या उजेड संपला तर काय करू?"

डोळ्याला भिंग लावून ते खिडकीत बसले. पिनांच्या दोन ओळींत एक पातं सरकवायचं, एकेक पिन श्वास धरून उभी करायची. एक तुटली तर सगळंच मुसळ केरात. अंधारेपर्यंत निम्म्याच झाल्या. दसऱ्याला पहाटे अंघोळ करून पुन्हा बसले ते चार वाजेपर्यंत. मी तेवढा वेळ आत-बाहेर येरझारा घालत होतो. शेवटी दांडी वर करून त्यांनीच तो सोडला. अलगद बसला. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मी घरभर नाचलो.

इतक्यात सोनं द्यायला लोक यायला लागले. अख्खी कॉलनी. आपट्याची पानं, पाया पडणं, चिवडा, चहा. बाबांना दारातून हलता येईना. आणि मी? मी चेक करतो म्हणून बसलो आणि गेम लावली. काय पळत होती! एकदा बाबा मागं येऊन उभे राहिले. मुठीत पानं तशीच. मला कळलं होतं. तरी म्हटलं, ही एवढी फेरी होऊ दे.

"पळतंय की रे!" ते म्हणाले. माझ्या खांद्यावरून वाकून थोडा वेळ बघितलं, आणि दारात नवे पाहुणे आले म्हणून गेले, ते झोपायच्या वेळेपर्यंत तिकडेच अडकले. त्यांना ऊठ म्हणता येत नव्हतं असं नाही. म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते भरदुपारीच घरी आले. मी गेममध्येच होतो. दाराचा आवाज आला आणि मी ताडकन उठलो.

"बस, बस. चालतंय ना?"

"चालतंय."

"गरम नाही ना होत?"

"नाही."

"मग झालं."

आतून आईनं विचारलं, कसा गेला पेपर? ते चपला काढता काढता म्हणाले, "नवी पोरं अर्ध्या तासात उठली. माझा माउसच धड जाईना इकडून तिकडं. हात बसायला हवा होता थोडा."

मी खुर्ची सोडून बाजूला झालो. म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा ना."

"आता कशाला रे," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.