आबांनी मागून घेतलेला वाडगा

पेई-जुंगच्या हाताला चव होती आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. तिचं माहेर फौजी वसाहतीतलं. आईने शिकवलेला बैलाच्या पोटरीच्या मांसाचा रस्सा ती दर रविवारी मंद आचेवर दुपारभर रटरटत ठेवायची. चक्रीफूल, सुकवलेली संत्र्याची साल, खडीसाखर, सोयासॉस आणि आंबवलेल्या मिरचीची लाल चटणी. ताइचुंग शहरातल्या तिच्या इमारतीत वास दरवळला की शेजारणी डबे घेऊन हजर.

तिचे सासरे मात्र त्याला शिवत नसत. यूनलिनकडचं शेतकरी घर. ज्याने आपला नांगर ओढला त्याला खायचं नाही, हा तिथला नेम. गेलेल्या सासूबाई बोंग-छी यांनी तर आयुष्यात त्याचा थेंब चाखला नव्हता.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सासरे मुलाकडे राहायला आले आणि त्यांचं जेवणच तुटलं. दोन घास पेज, की पुरे. नवरा एकदा चिडून बोलला, "अख्ख्या बिल्डिंगला जेवू घालतेस, मग आबांनाच तुझ्या हातचं गोड कसं लागत नाही?"

ते तिला फार झोंबलं. आबांच्या तब्येतीपेक्षा आपल्या नावाचीच काळजी तिला जास्त होती, हे तिचं तिलाही कळत होतं. रविवारी नवरा कामावर गेल्यावर तिने नूडल्सवर नुसता रस्सा ओतला. तुकडा एकही येऊ दिला नाही. तुकडाच नाही तर नेम कसला मोडतोय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"डुकराचं का गं?" डोळ्यावरची पट्टी सावरत आबांनी विचारलं.

"हो आबा. खा गरम गरम."

आबांनी भुरका मारला आणि मग मान वर केलीच नाही.

"अगं, हे इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतंस? आण, आण अजून!"

दुसरा वाडगा वाढताना तिला केवढा आनंद झाला! तोही त्यांनी चाटूनपुसून संपवला.

"उद्या बोंग-छीची तिथी," आबा म्हणाले. "तिच्यापुढे यातलाच एक वाडगा ठेव. रताळी खाऊनच जन्म काढला बिचारीने. तिलाही कळू दे, सून काय रांधते ते."

पेई-जुंगने पातेल्यावर झाकण ठेवलं. उद्या हेच मसाले घालून डुकराचं मांस शिजवलं असतं, तर कुणाला कळणार होतं? पण भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, आणि तिला तिकडे बघवेना.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "ते डुकराचं नव्हतं."

आबांनी जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. भिंत चाचपत उठले. तिने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी हळूच बाजूला केला. फोटोपुढे उदबत्ती लावून त्यांनी हात जोडले.

"बोंग-छी, मी खाल्लं गं," ते म्हणाले. "मागून खाल्लं. पोरीवर रागावू नकोस. माझीच जीभ चळली."

धरणीने पोटात घ्यावं असं पेई-जुंगला झालं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर तिने आनंदाने ऐकल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना तांदळाची साधी पेज वाढली, पांढरीशुभ्र, वर मिठाचा खडासुद्धा नाही. आबांनी चमचा तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"सूनबाई," त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "यात काय आहे गं?"