सोडपत्र

पासिर रिसहून ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत रोज एक वकीलबाई भेटायच्या. मूळच्या अलिबागकडच्या ज्यू, मराठी माझ्याहून चोख. त्यांच्या धर्मात, कोर्टाने घटस्फोट दिला तरी नवऱ्याने आपल्या हाताने सोडपत्र दिल्याशिवाय बाईला दुसरं लग्न करता येत नाही. त्यांच्या एका अशील बाईच्या, पुंगोलला राहणाऱ्या अशाच अडून बसलेल्या नवऱ्याला त्या रोज सकाळी गाडीतूनच फोन करायच्या. "भाऊ, आज देताय ना?"

"कंटाळा येत नाही?" मी विचारलं.

"त्याला येऊ दे की," म्हणत त्यांनी आरसा काढून लिपस्टिक सारखी केली.

चार वर्षांनी त्याला कंटाळा आला. सोडपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आता ती लग्न करणार?"

"छे. म्हणाली, करायचंच नव्हतं मला. पण ते मी ठरवायचं, त्याने नाही."

मग त्या जुरोंग ईस्टपर्यंत गाढ झोपल्या.