मीच लिहून दिलेला नियम

आमच्या समाजाच्या हॉलचे नियम इंग्रजीत असतात. आम्ही म्हैसूरकर घरात मराठी बोलतो, पण लिहायला बसलो की बोंब. कन्नडात लिहिलं तर म्हातारे रुसतात. लष्कर मोहल्ल्यातल्या त्या हॉलचा सेक्रेटरी माझा चुलत भाऊ, आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मग काय, लिहायचं काम माझ्याच गळ्यात.

गेल्या वर्षी तो जयलक्ष्मीपुरमला माझ्या घरी कागद घेऊन आला. "अक्का, जरा नीट करून दे. कोणीही येऊन हॉल मागतात." त्याचं 'रिस्ट्रिक्टेड ओन्ली फॉर' मी खोडलं, 'रिस्ट्रिक्टेड टू' केलं आणि बजावलं, कुणापुरतं ते पुढे स्पष्ट लिहायचं, पळवाट ठेवायची नाही. हॉल सभासदांपुरता आणि त्यांच्या घरच्यांपुरता. सभासद वारला की सभासदत्व मुलाकडे. तो सांगत गेला, मी मान खाली घालून लिहीत गेले. आईनं त्याला उप्पिट्टू वाढलं. शिकत असताना दोन वर्षं तो आमच्याकडेच जेवायचा.

यंदा आईला ऐंशी पुरी झाली. ऐंशीची शांत त्याच हॉलमध्ये करायची, एवढंच तिचं मागणं. तीस वर्षं तिथल्या प्रत्येक जेवणावळीची भाजी तिनं चिरली आहे. मी भावाला फोन केला.

"जमणार नाही, अक्का. काका गेले तिथंच तुमचं सभासदत्व संपलं. तुला भाऊ नाही ना."

हे मला तो सांगत होता! दर भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसणारा!

"कागद आणलास तेव्हा माहीत होतं तुला?"

"कमिटीत ठरलंच होतं. तू लिहिलंस तर पुढे तू भांडणार नाहीस, असं वाटलं."

अय्यो, काय डोकं! नुसता संताप आला. नियम कुणालाही लागू दे, पण माझ्याच हातानं माझ्या आईला बाहेर काढायचं? आणि तिचंच उप्पिट्टू खात?

आईला खरं सांगायची हिंमत झाली नाही. हॉलला चुना मारतायत, असं सांगितलं.

"मग थांबू या की," ती म्हणाली. "पोरगा एकटाच किती बघणार? त्याच्या मागे लागू नको."

दोन महिने झाले. ती थांबली आहे.