कमलच्या नावावर

अकोल्याच्या बसस्टँडवर मला सोडायला दोघीच आल्या होत्या. माय, आणि आमच्या गल्लीतली सुमनमावशी. माय खिडकीखाली उभी राहून डब्याचंच सांगत होती, भाकरी वर आहे, ठेचा खाली आहे, पिशवी आडवी करू नको. सुमनमावशी चार हात लांब, खांबाला टेकून. बस सुरू झाली तशी ती पुढे आली, खिडकीच्या गजाला हात लावला आणि म्हणाली, "जाय बाई, शिक. आता तरी आमची नावं बराबर लिहाले शिक."

माय तिच्यावर खेकसली, "सुमन, आता नको व!"

मावशी हसली. ते हसणं मूर्तिजापूरपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून आलं. बडनेऱ्यालाही उतरलं नाही.

अकोला ते अमरावती, जेमतेम अडीच तास. पुण्याला गेलेल्या मैत्रिणी चिडवतात, याला काय घर सोडणं म्हणतात का? म्हणतात. घर किती लांब आहे याला काही अर्थ नाही. तिथल्या बायांच्या डोळ्याला डोळा देता येतो की नाही, एवढंच बघायचं. मला दीड वर्ष देता आला नाही. भीमजयंतीला जायची ती दुपारी पोहोचायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने परत. गल्लीतून जाताना ओढणी तोंडावर. ऊन फार होतं म्हणून नाही.

काय झालं ते सरळ सांगते.

माय डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. नऊ वर्षं. पण मिलच्या हजेरीत तिचं नाव एक दिवसही नव्हतं. तिथे होती कमल. कमल म्हणजे मायची थोरली जाऊ, माझी मोठमाय. ती आजारी पडली तेव्हा तिची जागा जाऊ नये म्हणून माय तिच्या नावावर जायला लागली. मिलमधल्या बायांत ही रीतच होती. सून बाळंत झाली की सासू तिच्या नावावर, बहीण गावाला गेली की बहीण. मुकादमाला सगळं ठाऊक. नवं नाव चढवायचं म्हणजे नवे फोटो, नवे फॉर्म, पुढे नवे हक्क. त्यापेक्षा जुनं नाव बरं, माणूस कोणतं का असेना.

पुढे मोठमाय गेली. तिला माती देऊन तिसऱ्या सकाळी माय गेटवर उभी. मुकादमाने पुकारलं, "कमल?" माय म्हणाली, "हाव." त्यानंतर रोज सकाळी, वर्षानुवर्षं, आमच्या घरातली मेलेली बाई कामावर हजर होती.

मी तेव्हा पत्रकं लिहायची, वाटायची, चौकात उभी राहून वाचून दाखवायची. मिलमध्ये सव्वीस बायांना एक संडास, आणि त्याची किल्ली मुकादमाच्या खिशात. मागायची तर सगळ्या हमालांच्या देखत मागायची. म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नसत. अकोल्याच्या मे महिन्यात! हे ऐकून माझं डोकं फिरलं, ते फिरायलाच हवं होतं, त्याची मला आजही लाज नाही. मी अर्ज लिहिला. बुद्धविहारात बायांना गोळा केलं आणि भाषण ठोकलं, भिऊ नका, लपू नका, आपापल्या खऱ्या नावाने सही करा.

माय एकदाच बोलली. "वच्छला नावाची बाई तिथं कामाले नाई, पोरी."

मी काय म्हणावं? "माय, मेलेल्या बाईच्या आडून किती दिवस जगशील?" वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पत्रकातही छापलं.

मायने सही केली. वच्छला. 'छ' काढताना तिचा हात अडखळला, तो मी धरून पुरा केला.

तपासणीला कामगार खात्याचे एक साहेब आले. हजेरीपत्रक उघडलं, अर्जावरची नावं पडताळली. सव्वीसपैकी नऊ नावं सापडलीच नाहीत. मालकाचा माणूस म्हणाला, या बाहेरच्या बाया, अर्जच बोगस आहे. साहेबांनी मान हलवली आणि फाइल मिटली. दुसऱ्या सकाळी गेटवर "कमल?" आणि मायचं "हाव". मुकादमाने मान वर केली. "तू कायची कमल? तू तं वच्छला. तुह्या पोरीनंच लिहून देलं. अन् वच्छला आमच्याकडे नाई."

त्या सकाळी नऊ जणी गेटबाहेर राहिल्या. सुमनमावशी त्यातलीच, ती सासूच्या नावावर होती. किल्ली मुकादमाच्या खिशातच राहिली. आणि मी? मी अमरावतीला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेतली. शिकायला चालले असं सगळ्यांना सांगितलं. पळाले, हा खरा शब्द.

इथे राजापेठेत तिघी मिळून खोली. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम, मग कॉलेज. तोंडातले शब्दही बदलले. सेमिस्टर, असाइनमेंट, पोर्टल, सबमिशन. आणि क्रेडिट. पदवीला मला चार क्रेडिट कमी पडत होते. मॅडम म्हणाल्या, श्रमसंबंध घे, वर्गाला बसायचं नाही, थेट परीक्षा द्यायची. तुझं तर फील्डवर्क झालेलंच आहे. त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या.

आता बघा हा न्याय. ज्या वर्गाला मी एक दिवस बसले नाही त्याचे चार क्रेडिट माझ्या नावावर चढणार. माय नऊ वर्षं बसली, मांडी घालून, तोंडाला पदर बांधून, आणि तिच्या नावावर एक दिवस नाही.

अभ्यासाला दुपारी ग्रंथालयात बसायची. भूतबित मी मानत नाही, आमच्या घरात कोणीच मानत नाही. तरी 'कामगाराची व्याख्या' काढली की समोरच्या रिकाम्या खुर्चीवर मोठमाय येऊन बसायची. भुवयांवर डाळीची पिवळी धूळ. वाकून माझ्या पुस्तकात काही शोधायची. मी पान उलटलं की तीही मान वळवायची. जाताना शिपाईकाका आयकार्ड परत द्यायला नाव पुकारत. माझंच नाव, तरी माझ्या तोंडून निघायचं "हाव". आवाज मायचा. काका म्हणायचे, "अकोल्याची का?" मी कार्ड घेऊन भराभर पायऱ्या उतरायची.

संघटनेचे प्रकार पाठ झाले. वाटाघाटीच्या पायऱ्या, तडजोड, लवाद, सगळं. सराव प्रश्नसंचात एक प्रश्न होता, एका मार्काचा. हजेरीपत्रक अचूक ठेवण्याची जबाबदारी कोणाची? अ, कामगार. ब, मालक. क, संघटना. ड, यापैकी नाही. मी 'ब'वर खूण केली, पुढच्या प्रश्नावर गेले, आणि परत मागे आले.

मालकाची.

मग त्या हजेरीपत्रकात मेलेली बाई रोज हजर होती, ते खोटं कोणाचं? दीड वर्ष मी माझी चूक उगाळत होते. मनातल्या मनात, सांगायला लाज वाटते, पण मायचीही. का गेली ती दुसरीच्या नावावर? त्या सगळ्या खटल्यात मालकाला मी कधी उभाच केला नव्हता! आणि त्याच प्रकरणात पुढे लिहिलं होतं की नोकरीचं नातं एकट्या हजेरीने ठरत नाही. काम कोण सांगत होतं, शेजारी कोण काम करत होतं, त्यांची साक्षही धरतात. सतरा जणी शेजारी बसत होत्या. सतरा! त्यांना सगळं माहीत होतं. मी एकीलाही विचारलं नव्हतं. मी नुसतं सांगितलं होतं.

समोर बघितलं. खुर्ची रिकामी होती.

पेपर झाला. शेवटचा प्रश्न पुराव्यांवरच होता, तो मी दोन पुरवण्या लावून लिहिला. निकाल लागायचा आहे. पण परीक्षेच्या हॉलमधून मी खोलीवर गेले नाही, थेट बसस्टँडवर गेले. अकोल्यात गल्लीत शिरताना ओढणी खांद्यावरच ठेवली.

मायच्या ओट्यावर नऊपैकी सात जणी आल्या. सतरांपैकी तिघी आल्या, अजून मिलमध्येच आहेत, तरी साक्ष देतो म्हणाल्या. बाकीच्या भितात. भिणं रास्त आहे, हे मी पूर्वी कधी कबूल केलं नसतं.

मी म्हटलं, "कामावरून काढल्याचा नवा अर्ज करायची मुदत अजून गेलेली नाही. पण सही कोणत्या नावाने करायची ते तुम्ही सांगा."

"आता इचारून राहिली!" सुमनमावशी म्हणाली. "परीक्षेत काय आलं व तुह्या? बायांले इचारावं, हे आलं होतं का?"

सगळ्या हसल्या. तेच हसणं होतं, पण या वेळी मला त्यात बसायला जागा होती.

तुम्ही जे कोणी असे निघून आलात, पुण्याला, सुरतेला, कुठेही, तुमचं घर म्हणजे काय ते तुम्ही ठरवा. माझं घर म्हणजे तो ओटा. तिथे कोणती बाई कोणाच्या नावावर कामाला जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरून तिला कोणी खोटी म्हणत नाही.

मी कागद मांडीवर घेतला, लिहायला लागले, 'अर्जदार वच्छला'. मायने माझं मनगट धरलं.

"दोनी लिह," ती म्हणाली. "अन् आधी कमल लिह. थे मोठी होती."