जीपला मोठे टायर बसवले तेव्हा

दादानं जीपला मोठे टायर बसवून आणले, त्या दिवशी मळ्यात सगळ्यांनी हातातलं काम टाकलं. आई शेवंती खुडत होती, ती ओच्यातली फुलं सावरत आली. अण्णा पाणी भरायचं सोडून बांधावर येऊन उभे राहिले. जीप तीच, लिलावात घेतलेली जुनी, पण आता टाचा उचलून उभी राहिल्यासारखी दिसत होती. दादा तिच्याभोवती तीनदा फिरला आणि दर वेळी एकेका टायरवर थाप मारत गेला.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. फुलं आणि भाजी होतीच, पण दादाचा खरा जीव रोपवाटिकेत. टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं तो पेठच्याही पुढच्या पाड्यांवर स्वतः पोचवायचा. तिकडे डांबर संपलं की ओढे आणि खडक. जीपच्या पोटाखाली चाकं फिरवणाऱ्या गिअरचा लोखंडी गोळा असतो, तो दगडांवर आपटायचा आणि दादाचा जीव खालीवर व्हायचा. जुना टायर अठ्ठावीस इंच उंच होता, नवा बत्तीस. म्हणजे गोळा दोन इंच वर गेला. दादाला जग जिंकल्यासारखं झालं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात लागले होते. काम गिअर तपासायचं. दात नीट कापलाय का, कुठे चरा राहिलाय का, हे दिवसभर बघायचं. घरात कुणाला ते नीट सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर आई म्हणायची, ती चाकं मोजते.

पहिल्या फेरीला मीही सुट्टी काढून गेले. पाड्याजवळच्या ज्या ओढ्यात जीप दर वेळी अडायची, तो आम्ही न थांबता पार केला. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, मी दांडीला घट्ट धरून हसत सुटले. पलीकडे उभ्या बायकांनी रोपांचे ट्रे उतरवून घेतले. परतताना त्यांनी नाशिकला पोचवायला नागलीची चार पोती दिली. आणि सावळघाटात आमचं हसू मावळलं.

जो चढ जीप दुसऱ्या गिअरमध्ये आरामात घ्यायची, तिथे दुसरा झेपेना. दादानं पहिला टाकला. इंजिन गुरगुरलं, क्लच जळाल्याचा वास आला. मागून माल लादलेला एक टेंपो आला आणि आम्हाला मागे टाकून गेला. वर आल्यावर दादानं गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून नुसताच उभा राहिला.

पुढच्या सपाट रस्त्यावर माझं लक्ष किलोमीटरच्या दगडांकडे गेलं. एक दगड गेला की मीटरकडे बघायचं, असं सहज सुरू झालं. आठ दगड मागे पडले तेव्हा मीटरवर सातच किलोमीटर वाढले होते. मी पुन्हा मोजलं. पुढच्या आठांनाही सातच. अठ्ठावीस आणि बत्तीस हे आकडे माझ्या डोक्यात होतेच. सात चोक अठ्ठावीस, आठ चोक बत्तीस. मीटर मोजतं चाकाचे फेरे, आणि मोठ्या चाकाला तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी लागतात. कारखान्यात रोज हाताळते ती गोष्ट माझ्या पायाखाली फिरत होती.

पेठ नाक्यावरच्या मिस्त्रीनं इंजिनाचा आवाज ऐकून पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून सांगितलं. इंजिन उतरवावं लागेल, आठवडाभर लागेल. दादा तयार झाला. रात्रीच्या जेवणाला मी म्हणाले, इंजिनाला काही झालेलं नाही, टायरांमुळे झालंय. दादानं ताटातून मान वर केली नाही. टायर गोल आहेत, जास्त काय करणार, असं काहीसं पुटपुटला.

मग मी विहिरीवरच्या जुन्या रहाटाचं उदाहरण दिलं. त्याचा दोर गुंडाळायचा लाकडी रूळ जाड केला, तर एका फेऱ्यात दोर जास्त वर येतो, पण फिरवायला जड जातं. जीपचंही तेच. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात रस्ता जास्त कापतं, पण ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. जणू प्रत्येक गिअर थोडा वरचा झालाय. ब्रेकही आताशा लांब लागतो की नाही, असं मी विचारलं, तेव्हा दादानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. लागत होता.

अण्णा जेवण संपवून हात धुवायला उठले होते. दारातूनच ते म्हणाले, "इंजिन उघडायला काय, कधीबी उघडता येतं. आधी तिचं ऐक."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळ्यातल्या गिअरचं प्रमाण काढायला, आम्ही मागचं एक चाक जॅकवर उचललं. दादा चाक फिरवणार आणि मी खाली पडून इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे मोजणार. मी खडूनं खूण केली. चाकाचा एक फेरा झाला, दांड्याचे दोनाहून थोडेसेच जास्त. माझ्या हिशेबानं सव्वाचारच्या आसपास यायला हवे होते. मी पुन्हा मोजायला लावलं. तेवढेच. दादा म्हणाला, "कारखान्यात असंच मोजते का गं?" मी खाली पडल्या पडल्या खडूची खूण पुन्हा तपासली. मग आठवलं, एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की दुसऱ्याला दुप्पट फिरावं लागतं. मी दादाला दोन फेरे घ्यायला सांगितलं. सव्वाचार आले. मी गाडीखालून बाहेर आले ती केसांना ग्रीस लावूनच.

आता चाक मोठं झालं तेवढाच गोळ्यातला गिअर सावकाश करायचा होता. सव्वाचारला आठानं गुणून सातानं भागलं, पावणेपाचाच्या किंचित वर आकडा आला. तसा जोड जुन्या गाड्यांमध्ये असायचा. पिनियनला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, आठ दात, मोठ्या चकतीला एकोणचाळीस.

लिंक रोडच्या भंगार बाजारात आम्ही तीन सुट्ट्या घातल्या. दुकानदार आधी दादाशीच बोलायचे. मी ढिगातून चकत्या ओढून काढायला, दात मोजायला आणि बाजूला ठेवायला लागले की भाव मला सांगायचे. पहिला जोड लवकर मिळाला. दादा म्हणाला, मागे बसवू, पुढचं पुढे बघू. पुढच्या चाकांमध्येही तसाच गोळा होता, म्हणून मी अडून बसले. ओढ्यात चारही चाकांना जोर दिला की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबानं ओढणार आणि मधला गिअरबॉक्स फुटणार. दोन्हीकडे सारखेच जोड हवेत. दुसरा जोड तिसऱ्या सुट्टीत, एका बिनदारांच्या गाडीत सापडला. आम्ही दोघांनी तो सुतळीच्या पोत्यात गुंडाळून माझ्या मोपेडवर आणला.

मिस्त्री बसवायला तयार झाला, पण मनापासून नव्हे. त्यानं बोल्ट आवळायला घेतले, तेव्हा मी डबीतला निळा रंग पुढे केला. दातांना रंग लावायचा, फिरवायचं, आणि दात दाताला कुठे टेकतो ते बघायचं. माझं रोजचंच काम. डाग दाताच्या कडेला पडला होता. असंच चालवलं असतं तर महिनाभरात दात उडाले असते. मिस्त्रीनं वाकून डाग बघितला. मग गिअरमागची एक पातळ पत्री काढली, दुसरी घातली, पुन्हा फिरवलं. चौथ्या वेळी डाग दाताच्या बरोबर मधोमध आला. पुढचा गोळा उघडला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "ताई, रंग तुम्हीच लावा."

सावळघाटात आम्ही मुद्दाम पोती भरून गेलो. अण्णाही आले, पहिल्यांदाच. चढ लागला, दादानं दुसरा टाकला आणि हात गिअरच्या दांड्यावरच ठेवला, कधीही खाली आणता यावा म्हणून. जीप चढत राहिली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. अर्ध्यावर दादानं दांड्यावरचा हात काढला आणि स्टिअरिंगवर ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण अण्णा शेजारी होते. वर पोचल्यावर दादा एवढंच म्हणाला, "वास नाय आला." अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

नंतर दादाचे जीपवाले दोस्त मळ्यावर यायला लागले. टायर घ्यायच्या आधी काय बदलावं ते विचारायचे. दादा त्यांना माझ्याकडे पाठवायचा आणि बाजूला उभा राहून सगळं ऐकायचा, मध्येच माझंच वाक्य माझ्याआधी पुरं करायचा. कारखान्यात मी साहेबांकडे गिअर कापायच्या विभागात पाठवा म्हणून अर्ज दिला. तिथे तोवर एकही बाई नव्हती. चार महिन्यांनी पाठवलं.

त्या हिवाळ्यात दादानं मला जीप शिकवली. रिकाम्या शेतात, मग पेठ रोडवर. एकदा पाड्याजवळ, ओढ्याच्या काठावर तो खाली उतरला आणि मला म्हणाला, तू घे. तो स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून पुढे चालत गेला, दगड कुठे आहेत ते हातानं दाखवत. मी चारही चाकांचा जोर लावला, पहिला गिअर टाकला आणि त्याच्या हातांकडे बघत गाडी पाण्यात घातली.